थळकरांची पन्नाशी

आमच्याकडे जेवायला आले की थळकर तोंडानं काही मागत नसत. माझी बायको आमटीचा डाव घेऊन जवळ आली की त्यांचा उजवा हात ताटावर अधांतरी यायचा, तर्जनी खाली वळायची आणि हळूहळू गोल फिरायची. खाली, आणखी खाली, सावकाश. पुरे झालं की हात बाजूला जाऊन तळवा आडवा व्हायचा. म्हणजे थांबा. माझी मुलगी दोह्यातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. ती हसत हसत म्हणायची, “सॅम अंकल, यूज युअर वर्ड्स!” त्यावर थळकर तिला अंगठा वर करून दाखवत आणि पुन्हा जेवायला लागत. साइटवर बारा-तेरा तास हातांनी बोलणाऱ्या माणसाची जीभ घरी तरी सैल सुटावी की नाही? पण नाही. “तोंडाचं काय, वाऱ्यावर उडून जातं,” असं त्यांचं म्हणणं होतं.

सॅम्युएल थळकर आमच्या कंपनीत रिगिंग फोरमन होते. कतारमधल्या मेसईदच्या कारखान्यांत अवजड यंत्रं, टाक्या, शंभर-दीडशे टनांचे लोखंडी मनोरे क्रेननं उचलून जागेवर बसवायचे असतात. ते कसे बांधायचे हे ठरवणं, आणि खाली उभं राहून क्रेनचालकाला हाताचे इशारे देणं, हे त्यांचं काम. क्रेनचालक वर काचेच्या केबिनमध्ये बसलेला असतो. त्याला भाराची पलीकडची बाजू दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त इशारेवाला. एका वेळी इशारे देणारा माणूस एकच असतो, आणि क्रेनचालकानं त्याच्याशिवाय कोणाचंही ऐकायचं नसतं, मग कंपनीचा मालक का येऊन उभा राहीना. मी प्लॅनिंगमध्ये, म्हणजे कागदावर भार उचलणारा. त्यामुळे थळकरांचा माझ्यावर थोडा लोभ होता आणि पुष्कळ अविश्वास.

माणूस गोरटेला, ठेंगणा, जाडजूड मिशीचा. मिशीचा त्यांना भारी अभिमान होता. हेल्मेट काढलं की आधी मिशी चाचपत, मग टक्कल पुसत. नम्रपणा त्यांच्यात औषधालाही नव्हता. “माझ्यासारखा हात या आखातात दुसरा नाय, समजलास?” हे वाक्य मी कपभर करक, म्हणजे आखातातला कडक दुधाचा चहा, संपायच्या आत दोनदा ऐकलेलं आहे. राग यायचा, पण खोटं आहे असं म्हणायची सोय नव्हती.

नावावरून मल्याळी मंडळी त्यांना केरळातले ख्रिश्चन समजत आणि आम्ही मराठी लोक वसईचे. ते कोणालाच दुरुस्त करत नसत. मला कळलं ते खिरीमुळे. पहिल्यांदा आमच्या अल वक्राच्या घरी जेवायला आले तेव्हा बायकोनं कोंबडीचा रस्सा केला होता आणि शेवटी शेवयांची खीर. खिरीच्या वाटीवर तळवा आडवा झाला.

“वहिनी, मटण-कोंबडीवर आम्हाला दूध चालत नाय. नारळाचं असतं तर दोन वाट्या खाल्ली असती.”

मग त्यांनी सांगितलं. अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणात शेकडो वर्षं राहिलेले आणि मराठीच बोलणारे ज्यू. पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं नाव पाडलं शनवार तेली. एवढं सांगून ते म्हणाले, “मी लपवत नाय. पण इथे ढोल पण वाजवत नाय.” आम्ही समजलो. नंतर तो विषय त्यांनी काढला तरच निघायचा.

साइटला सुट्टी शुक्रवारची. थळकरांनी पहिल्याच वर्षी अदलाबदल करून घेतली होती. शुक्रवारी सगळी दुनिया झोपलेली असताना ते एकटे जाऊन उचलायचं सामान तपासत. वायररोप, पट्टे, शॅकल म्हणजे जोडायच्या लोखंडी कड्या, एकेक हातात घेऊन उन्हात फिरवून पाहत. एखादा पट्टा उसवलेला दिसला की कात्रीनं तिथल्या तिथे कापून टाकत, म्हणजे कोणाला मोह नको. शनिवारी मात्र ते कोणाला सापडत नसत. शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांचा शनिवार लागताना, मी एक-दोनदा त्यांच्या खोलीवर गेलो आहे. अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, मिशी विंचरून बसलेले असत. खिडकीत खोबरेल तेलाचा दिवा, आणि पेल्यात काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत. कुटुंब ठाण्याला. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि कतारमध्ये त्यांच्यासारखा दुसरा कोण आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. “मी एकटाच बसतो. देव काय गणती करायला येतोय?” असं म्हणत, पण ते बोलताना त्यांचा आवाज उतरायचा. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायचं ते तेवढंच.

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या रिगरना गोळा करून सुरक्षेचे चार शब्द सांगायचे असतात. बाकीचे फोरमन छापील सूचना वाचून दाखवत. थळकर गोष्ट सांगत. नेपाळी, बिहारी, फिलिपिनो, सगळे समोर उभे, आणि थळकरांचं हिंदी सुरू. “एक गाडी था. उसपे भगवान का पेटी रखा था. कंधे पे उठाने का, ऐसा हुकूम था, पर लोगों ने शाणपत्ती किया, गाडी पे डाला. बैल को ठोकर लगा, पेटी हिला. एक भला आदमी, अच्छे मन से, पकडने को हाथ लगाया. उधरीच मर गया. खलास.” मग एक मोठा पॉज. “हिलता लोड को हाथ लगाने का नहीं. अच्छे मन से भी नहीं. यल्ला, काम पे.” ही गोष्ट कुठली हे कोणी विचारलं नाही. पण त्यांच्या टोळीतल्या माणसानं डोलत्या भाराला हात लावल्याचं मी कधी पाहिलं नाही.

आणि त्यांचा तो नियम. कंपनीच्या कुठल्याही कागदावर नसलेला. पंचविसाव्या वर्षी माणूस त्यांच्या हाताखाली शिकायला येई, पण मोठ्या भाराचे इशारे त्याला तिसाव्या वर्षापर्यंत मिळत नसत. आणि पन्नास झाली की काढून घेतले जात. कुरियन नावाचा त्यांचा जुना दोस्त, दोघं जोडीनं आखातात आलेले. कुरियनला पन्नास लागलं त्या आठवड्यात थळकरांनी त्याला इशाऱ्यांवरून काढून सामानाच्या तपासणीवर ठेवलं. पगार तोच, पण कुरियननं महिनाभर तोंड फिरवलं. थळकर त्याच्या खोलीवर रोज जाऊन गप्प बसून येत.

हे कुठून काढलंत, असं मी एकदा विचारलं.

“आमच्या शास्त्रात आहे. मंदिर नव्हतं तेव्हा देवाचा निवासमंडप वाळवंटातून वाहून न्यायचे. खांब, पडदे, ती गोष्टीतली देवाची पेटी, सगळं. हे काम लेवी कुळाचं. पण कुठल्याही लेव्याचं नाय. तीस ते पन्नास. पन्नास झाली की भाराखालून बाहेर. मग भावांबरोबर राखण करायची, शिकवायचं. पण खांदा द्यायचा नाय.”

“तुम्ही लेवी का?”

“छे! आमच्या लोकांत लेवी नायतच. आम्ही तेली. पण वाळवंटात भार वाहायचं काम इथे कोण करतो? मीच ना?”

मी इंजिनियरी मुद्दा काढला. पन्नासाव्या वाढदिवसाला माणसाची ताकद एकदम कशी जाईल? आणि इशारे द्यायला ताकद हवीच कशाला?

“ताकद जाते म्हणून नाय रे,” थळकर म्हणाले. “पन्नाशीला माणसाला वाटायला लागतं, आपल्यामुळे भार उठतोय. तेव्हाच त्याला काढायचा. समजलास?”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर तेव्हा मला हे म्हाताऱ्या माणसांचं बोलणं वाटलं होतं.

मग एका ऑक्टोबरात त्यांनी जाहीर केलं की उद्यापासून इशारे दत्ता देईल, मला पन्नास पूर्ण झाली. दत्ता कांबळे लातूरकडचा, सडसडीत, कमी बोलणारा. थळकरांच्या हाताखाली पाच वर्षं तयार झालेला, आणि जूनमध्येच त्याला तीस लागलं होतं. आमचा तमिळ प्रोजेक्ट मॅनेजर खवळला. मार्चमध्ये मोठा कॉलम उभा करायचा होता, साठ मीटर उंच लोखंडी मनोरा. असला भार आमच्या टोळीनं आजवर उचलला नव्हता. त्यानं थळकरांची फाइल मागवली आणि पासपोर्टची झेरॉक्स टेबलावर आपटली.

“सॅम, ये देखो. यू आर ओन्ली फोर्टी-एट! अभी दो साल बाकी है.”

थळकरांनी झेरॉक्सकडे पाहिलंही नाही. “सर, वो पासपोर्ट का उमर है. कंपनी के लिए. मेरा उमर अलग है.”

संध्याकाळी पोर्टाकेबिनच्या सावलीत चहा पिताना त्यांनी आम्हाला उलगडून सांगितलं. मी होतो, कुरियन होता, दत्ता होता. बापानं शाळेत घालताना दोन वर्षं कमी लावली होती. पुढे सरकारी नोकरी लागली तर निवृत्ती दोन वर्षं लांबेल, एवढा दूरचा विचार. सरकारी नोकरी लागली नाही ती नाहीच. पण तेराव्या वर्षी मुलाला सभेपुढे उभं राहून धर्मग्रंथ वाचायचा असतो, त्या दिवसापासून त्याची पापपुण्यं त्याची. तो विधी बापानं खऱ्या वयाला केला.

“मी शाळेत अकराचा होतो आणि देवापुढं तेराचा,” थळकर म्हणाले. “बाप शाळेशी खोटं बोलला. देवाशी बोलायची त्याची छाती नाय झाली. आता मी बोलू?”

कुरियन हसला. दत्ता हसला नाही. त्यानं चहा अर्धाच प्यायला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो थळकरांपुढे येऊन उभा राहिला. मी जवळच होतो.

“साहेब, माझं बी तसंच हाय. पण उलटं.”

“काय उलटं?”

“म्या आन थोरला भाऊ एकाच दिवशी शाळंत गेलो. म्या ल्हान होतो, पण आई रानात जायची, घरी कोण संभाळणार? म्हणून संगं बसवलं. मास्तरनं दोघाला बी एक जून टाकली. साल बी एकच. कागदावर आमी जुळं हाव वो.” तो बोटातली कोरडी वाळू झाडत राहिला. “थोरल्याला तीस झालं. मला आजून दोन वर्सं हायती.”

आमच्या गावाकडे अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो. मास्तरांनी शाळा उघडायच्या हिशेबानं टाकलेल्या त्या तारखा आम्हाला विनोदाच्या वाटतात. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. कागदाप्रमाणे दोघंही नियमात बसत होते. खरं पाहिलं तर थळकर वरून बाहेर पडले होते आणि दत्ता खालून आत आलेलाच नव्हता. मधल्या वयाचा, एवढा भार पेलणारा तिसरा हात आमच्याकडे नव्हता.

“आधी का नाय बोललास?”

“मला म्हाईतच नव्हतं का हे खऱ्या वयाचं आसतं. मला वाटलं पासपोर्टावर चालतंय.” मग तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “तुमीच करा साहेब. माझ्या हातून कायी झालं तर? माणसं आसत्यात खाली.”

पाच वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस तो स्वतःच्या हातानं परत देत होता. दत्ताचा त्या नियमावर विश्वास थळकरांपेक्षा जास्त बसलेला होता, आणि आता तोच नियम त्याच्या हातांतलं बळ काढून घेत होता. पुढचे काही आठवडे लहानसहान भारसुद्धा तो दहादा मागे वळून बघत उचलू लागला. थळकर नियमाप्रमाणे मागे उभे असत. दत्ताच्या प्रत्येक इशाऱ्याआधी त्याची नजर थळकरांच्या चेहऱ्यावर जाऊन येई. क्रेनचालकानं तक्रार केली की इशारा देणारा माणूस माझ्याकडे बघतच नाही. मॅनेजर मला म्हणाला, तुमच्या सॅमला समजवा, दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे.

मी समजवायला गेलो. शनिवार उलटून गेला होता. थळकर ठरवून बसले होते.

“दत्ताच करणार.”

“अहो, पण तुमच्याच नियमात तो बसत नाही.”

“खालची अट शास्त्रानं स्वतःच बदललीय,” ते म्हणाले. “एका ठिकाणी तीस आहे. एका ठिकाणी पंचवीस. जाणकार म्हणतात, पंचवीसला शिकायला यायचं, तिसाला खांदा द्यायचा. पुढे एका राजानं तर विसावर आणली. गरज पडली तसा पोराला लवकर बोलवला. पण पन्नासची साठ कोणी केली नाय. पुढे पक्कं मंदिर बांधलं, वाहायचं कामच उरलं नाय, तेव्हा ती अट गेली. पण वाहायचं होतं तोवर कोणी म्हाताऱ्याला सांगितलं नाय की बाबा, अजून दोन वर्षं थांब, तुझ्याशिवाय अडलंय.”

“आणि दत्ता घाबरलाय त्याचं काय?”

“तो भाराला घाबरलेला नाय. माझ्याकडे बघतोय.” त्यांनी मिशी चाचपली. “कुरियनला मी काढलं तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी होतं. आता मला दोन वर्षं उसनी मिळतायत म्हणून मी परत उभा राहिलो, तर त्याच्यापुढे कुठल्या तोंडानं जाऊ?”

खरं कारण हे होतं की शास्त्र, ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असावं. पण मोह त्यांनाही होता. चार दिवसांनी मी त्यांना रिकाम्या जागेत, जिथे कॉलम उभा राहायचा होता तिथे, एकटंच उभं असलेलं पाहिलं. हात हवेत होते आणि नसलेला भार ते सावकाश खाली उतरवत होते. मी आवाज न करता परत फिरलो. त्या क्षणी त्यांच्यासाठी माझं आतडं जेवढं तुटलं तेवढं मला आखातात दुसऱ्या कोणासाठी तुटलेलं नाही.

कॉलम व्यवस्थित उभा राहिला हे आत्ताच सांगून टाकतो. मेसईदच्या रस्त्यावरून तो दिसतो. मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं, कारण त्यानंतर मी थळकरांना पाहिलं नाही. त्याच दुपारच्या विमानानं मी वडिलांच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आलो, आणि परत जाईपर्यंत ते राजीनामा देऊन ठाण्याला गेले होते.

सकाळी वारा पडलेला होता. दत्ता एकटा पुढे, पिवळ्या जाकिटात. थळकर माझ्या शेजारी, बरेच मागे, हात पाठीमागे बांधलेले. कॉलमचं डोकं जमिनीवरून उठलं, तिरपं झालं, चढत गेलं. दत्ताचे हात बरोबर चालले होते, पण दर थोड्या वेळानं मान मागे वळत होती. थळकरांचा चेहरा दगडी. कॉलम जवळजवळ सरळ झाला आणि शमालची, म्हणजे उत्तरेच्या वाऱ्याची, पहिली झुळूक आली. खालचं टोक जमिनीवरून सुटलेलं होतं. ते हळूच गोल फिरायला लागलं. दोर धरलेले रिगर मागे रेलले. दत्ताचा हात बाजूला गेला, तळवा आडवा. क्रेन थांबली.

सगळी साइट वर बघत होती. दत्तानं मागे पाहिलं. थांबवणं सोपं होतं. आता खाली घ्यायचं, की वारा पडायची वाट बघायची, की तसंच पुढे न्यायचं, हे कोणीतरी ठरवायला हवं होतं. शेजारी थळकरांचे खांदे हलले. पाठीमागे बांधलेले हात सुटू पाहत होते. त्यांनी एका हातानं दुसऱ्याचं मनगट गच्च पकडलेलं मला दिसलं.

“दत्ता कुठं बघतोय?” कॉलमवरची नजर न काढता, ओठ न हलवता त्यांनी विचारलं.

“तुमच्याकडे.”

थळकरांनी पाठ फिरवली. सरळ उलटं तोंड करून ते कुंपणाकडे बघत उभे राहिले. उभ्या आयुष्यात भार हवेत असताना त्यांनी त्याच्याकडे पाठ केली नसेल. मॅनेजर लांबून काहीतरी ओरडला. थळकरांच्या मानेवरून घाम वाहत होता. मला ते बघवेना, पण माझीही नजर हलेना.

“आता?” कुंपणाकडेच बघत थळकरांनी विचारलं.

मी दत्ताकडे पाहिलं. तो अजून आमच्याच दिशेनं बघत होता, थळकरांच्या पिवळ्या जाकिटाच्या पाठीकडे. मग त्याची मान वळली. त्यानं पट्टे पाहिले, दोरवाल्यांना बोटानं डावीकडे सरकवलं आणि मान मागे टाकून केबिनकडे पाहत उजवा हात सावकाश उचलला.

“वर,” मी म्हणालो.

“मग झालं.”

ते चालायला लागले. सावकाश, हेल्मेट काढून टक्कल पुसत, गेटच्या दिशेनं. एकदाही वळून पाहिलं नाही. मी त्यांना हाक मारणार होतो, की थांबा, अजून बसायचा आहे. पण ते गेटबाहेर पडले तेव्हा कॉलम हवेतच होता.